पंपाचे वॉट न सांगणाऱ्याकडून ॲक्वापोनिक्सचं किट घेऊ नका

‘टाकीत मासे, वर भाजी आणि वीज जवळजवळ फुकट’ असं सांगून ॲक्वापोनिक्सचं तयार किट विकणाऱ्या एका माणसाने आम्हाला ८६,००० रुपयांना बुडवलं. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचं नाव इथे लिहीत नाही. पण तो फसवतो कसा, ते सगळं लिहिते, कारण हीच युक्ती उद्या दुसऱ्या नावाने तुमच्या खळ्यात येऊन उभी राहील. देवगड-कणकवली पट्ट्यात आणखी काही घरांत हेच किट पोचलंय, हे मला आता कळलंय.

आमचं घर सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या पठारावर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्यातून झिरपून खाली निघून जातो. मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसतो आणि परसातली भाजी आधी सोडावी लागते. ॲक्वापोनिक्समध्ये तेच पाणी फिरत राहतं. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो, खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते नायट्रेट झाडं घेतात आणि साफ झालेलं पाणी परत माशांकडे जातं. बाष्पीभवनात आणि पानांतून उडेल तेवढंच पाणी वरून घालायचं. पाणी टंचाईच्या गावाला ही पद्धत खरोखर उपयोगी आहे, हे मी आजही म्हणते. फसवी ती पद्धत नव्हती, तिच्या नावाने विकलेला माल फसवा होता.

एका प्रदर्शनात त्या माणसाची मांडणी होती. काचेच्या टाकीत तिलापिया, वर पालक आणि पुदिना टवटवीत. ‘वहिनी, चाळीस वॉटचा पंप आणि चाळीस वॉटचं सोलर पॅनेल. हिशोब बरोब्बर जुळतो. बिलाचं टेन्शनच नाही.’ एक हजार लिटरची टाकी, खडीचे दोन वाफे, पंप, पॅनेल, तीनशे बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं), खाद्याची दोन पोती, शिवाय तयार मासे परत विकत घेण्याची हमी, असं सगळं एकाच रकमेत. सरकारी अनुदानाची फाइल वेगळी. बहुतेक पैसे आगाऊ घेतले. पक्कं बिल मागितलं तर ‘अनुदान मंजूर झालं की त्याच्यासोबत देतो’ म्हणाला आणि हातात डिलिव्हरी चलन ठेवलं.

माल आला, जोडणी झाली, पाणी फिरायला लागलं. ह्यांचे काका दुपारी येऊन बघून गेले. आयुष्यभर विहिरीवर मोटर चालवलेला माणूस. आवाज ऐकूनच म्हणाले, ‘अगो, ह्यो पंप विहिरीचो. ह्या टाकयेक कित्याक?’ विक्रेत्याला फोन लावला, तर त्याने ‘आयात केलेला आहे, नवीन टेक्नॉलॉजी’ म्हणून उडवून लावलं. पुढच्या बिलात तीनशेच्या वर युनिट जादा आले. घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर स्लॅब बदलतो, त्यामुळे वाढलेलं प्रत्येक युनिट वरच्या दराने लागलं.

वाडीतला वायरमन मुलगा आला आणि त्याने जे केलं ते कोणालाही घरी करता येईल. घरातले सगळे दिवे, फ्रिज, पंखे बंद केले, फक्त किट चालू ठेवलं आणि मीटरसमोर घड्याळ धरून बसला. आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलाय, म्हणजे लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. चाळीस वॉटला तो मिनिटाला जेमतेम दोनदा लुकलुकला पाहिजे. तो चोवीस वेळा लुकलुकला, म्हणजे सुमारे ४५० वॉट. ‘काकी, बघा तुमचो मीटर कसो पळता तो.’

मग पंप बाहेर काढला. अंगावर चकचकीत स्टिकर होता: ४० वॉट, ऊर्जाबचत. कडेला नख लावून सोलला, तर खाली मूळ कंपनीचा धातूचा पत्रा, त्यावर अर्धा एचपी आणि वीस मीटरच्या वर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची. विहिरीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायची मोटर होती ती. आमच्या वाफ्याची उंची सव्वा मीटर. एवढ्या जोराचं पाणी वाफ्यात उसळू नये म्हणून त्याने पाइपात व्हॉल्व्ह घालून तो अर्ध्याच्या वर बंद करून ठेवला होता. म्हणजे वीज पुरी खायची, पाणी अडवून अडवून द्यायचं आणि उरलेली ताकद उष्णता होऊन टाकीतच मुरायची. पाण्यात बुडालेल्या मोटरची सगळी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. एप्रिलच्या दुपारी आमच्या टाकीत हात घातला की पाणी कोमट लागायचं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. तीस अंशाला लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, तोही पाणी पूर्ण खळाळतं असेल तर.

सोलर पॅनेलचं प्रकरण तर मन विटवणारं निघालं. पॅनेलच्या दोन तारा एका प्लॅस्टिकच्या डब्यात जात होत्या आणि डब्यावर हिरवा दिवा पेटायचा. डबा उघडला. दोन्ही तारा त्या हिरव्या दिव्यालाच जोडलेल्या होत्या आणि तिथेच संपत होत्या. पंपाची तार डब्याच्या मागून सरळ घरच्या प्लगला. पंपाला पॅनेलची वीज एक कणभरही मिळत नव्हती.

हे सगळं खरं असतं तरीही त्याचा ‘बरोब्बर जुळणारा’ हिशोब खोटाच होता. चाळीस वॉटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला जवळपास एक युनिट खातो. चाळीस वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात चार-पाच तासांचं पूर्ण काम देतं, म्हणजे दिवसाला फार तर ०.२ युनिट. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तेवढंही नाही. पॅनेल आणि पंपाचे आकडे सारखे दाखवणारा माणूस रात्र आणि पावसाळा दोन्ही लपवतो, एवढं लक्षात ठेवा.

खरी गरज किती ते हिशोबाने बघू. नवशिक्याच्या टाकीत तासाला एकदा सगळं पाणी फिरलं की पुरतं. एक हजार लिटर पाणी तासाभरात सव्वा मीटर चढवायला लागणारी निव्वळ ताकद साडेतीन वॉटसुद्धा नाही. छोटे पंप त्यांना मिळालेल्या विजेपैकी पाव भाग कामी लावतात असं धरलं तरी पंधरा वॉटच्या आत काम होतं. पाइपातलं घर्षण आणि पुढे साचणारा गाळ धरून वीस-पंचवीस वॉट पुरे. २५ वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला १८ युनिट. आमचा महिन्याला ३२० च्या वर खात होता. पाणी दोन्ही पंप सारखंच देतात.

पंपाच्या खोक्यावरचा आकडाही नीट वाचायला हवा. ‘१८०० लिटर प्रति तास, २ मीटर’ असं लिहिलेलं असतं, पण ते दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. १८०० लिटर शून्य उंचीला, आणि दोन मीटरला पाणी बंद. सव्वा मीटरला किती, हे पंपाच्या आलेखावरून कळतं. विकणाऱ्याकडे आलेख नसेल तर त्याच्यासमोर वाफ्याच्या उंचीवर वीस लिटरची बादली धरा आणि भरायला लागणारा वेळ मोजा. बहात्तर सेकंदांत भरली तर तासाला हजार लिटर. पाइप बारीक असेल तर चांगला पंपही दमतो. आमच्या किटमध्ये अर्ध्या इंची पाइप आणि जागोजाग कोपरे होते. पाइपाचा आतला व्यास दुप्पट केला की तितक्याच पाण्याला होणारं घर्षण साधारण तिसाव्या हिश्शावर येतं. पंपावर वाचणारी वीज या स्वस्त पाइपात दडलेली असते आणि किट विकणारे नेमके तिथेच पैसे वाचवतात.

आणखी एक रचना विचारून घ्या: पंप एकच आहे ना? माशांची टाकी सर्वांत वर नाहीतर वाफे वर ठेवून बाकीचं पाणी उतारानेच वाहिलं पाहिजे. दोन पंप लावलेले असतील तर एक थांबला की दुसरा टाकी रिकामी करतो.

माशांच्या बाबतीतली लबाडी मला जास्त जिव्हारी लागली, कारण तिथे जीव गेले. त्याने टाकी भरली आणि लगेच तीनशे बोटुकली सोडली. खडीवर जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया आणि नायट्राइट वाढत जातं, आणि पाणी गरम व अल्कधर्मी असेल तर तोच अमोनिया जास्त विषारी होतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. कल्ले लालभडक. सकाळी जाळीने मेलेले मासे काढायचे, हे काम माझ्याकडे होतं. तो फोनवर ‘पाणी बदला’ म्हणायचा. अमोनिया तपासायचं किट दिलंच नव्हतं, आणि विचारल्यावर त्याची गरज नसते म्हणाला.

घरगुती टाकीला १,००० लिटरमागे १० ते २० किलो मासे, याच्या वर जाऊ नये. अर्ध्या किलोचे मासे धरले तर चाळीस नग. तीनशे बोटुकली जगली असती तर दीडशे किलो झाली असती, आणि त्याची ‘परत विकत घेण्याची हमी’ नेमकी या दीडशे किलोंवर मांडलेली होती. ते मासे त्या टाकीत कधी तयारच होणार नव्हते, त्यामुळे ते विकत घेण्याचं वचन द्यायला त्याला काहीच लागत नव्हतं.

बीज ‘एकलिंगी, सगळे नर’ म्हणून दिलं होतं. वाचलेले मासे मोठे झाले आणि एका सकाळी एका माशाच्या डोक्याभोवती मोहरीएवढ्या पिल्लांचा ढग दिसला. मी हात पुढे केला तशी सगळी पिल्लं तिच्या तोंडात शिरली. तिलापियाची मादी पिल्लं तोंडात सांभाळते. सगळे नर असते तर हे दिसलंच नसतं. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणलेला बाहेरचा मासा. तो पाळायला परवानगी लागते आणि बीज मान्यताप्राप्त केंद्राचंच असावं लागतं. ‘घरगुतीला काही लागत नाही’ हे त्याचं बोलणं खोटं होतं. कोणाकडे असं बीज असेल तर ते पावसात ओसंडून वहाळात जाणार नाही, याची काळजी घ्या. आपल्या वहाळांत आणि नद्यांत इथलेच, दुसरीकडे न सापडणारे मासे आहेत. रोहू, कटला, सायप्रिनस यांच्या बोटुकलीबद्दल जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा.

अनुदानाच्या फाइलसाठी त्याने ६,००० रुपये वेगळे घेतले होते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून आहे, तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत असते, हे खरं आहे. म्हणूनच त्याने माझं नाव लिहून घेतलं. जिल्हा कार्यालयात चौकशी केली तर माझ्या नावाचा अर्जच नव्हता. अर्ज आपण स्वतः तिथे करायचा असतो. किट विकणारा अनुदान मंजूर करत नाही.

आता टाकी तीच आहे, बाकी बदललं. पंप पंचवीस वॉटचा, बारा व्होल्टचा. पाइप मोठा. पाच वॉटचा हवेचा पंप वेगळा. १०० अँपिअर-तासाची बॅटरी अर्धीच वापरली तरी ही दोन्ही यंत्रं वीस तास चालतात. पंप बंद ठेवला आणि फक्त हवा दिली तर पाच दिवस. कोकणात हा हिशोब चैनीचा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. टाकीवर पत्र्याचं छप्परही घातलं, कारण मुसळधार पावसात वाफे भरून वाहतात आणि पाण्यातला चुन्याचा अंश धुऊन जातो. जांभ्याच्या पाण्यात तो मुळातच कमी. जिवाणू काम करतात तसं पाणी आंबट होत जातं आणि फार आंबट झालं की त्यांचं कामच मंदावतं. विक्रेता यावर ‘पीएच टॉनिक’ची बाटली विकायचा. कालवांचे स्वच्छ धुतलेले शिंपले फोडून जाळीच्या पिशवीत टाकले की ते गरजेपुरते विरघळतात. समुद्रावर फुकट मिळतात.

त्याचा फोन आता लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाचं शुल्क नाही. पक्कं बिल नसलं तरी बँकेतून गेलेल्या पैशांची नोंद, चलन आणि त्याचे मेसेज जोडले आहेत. सोललेला स्टिकर आणि त्याखालचा पत्रा यांचे फोटोही आहेत. तुमच्याकडचा पंप त्याच स्टिकरचा असेल, तर सोलण्याआधी आणि सोलल्यावर, दोन्ही वेळा फोटो काढा, मीटरसमोर मोजतानाचा व्हिडिओ करा आणि पंप फेकून देऊ नका.