तीन घाट आणि २८ दात : भोर–वाई–पाचगणी सायकल सहल

आधी निकाल सांगते, मग उत्तरपत्रिका दाखवते. रस्त्याला दहापैकी नऊ. भाड्याच्या सायकलीला चार. वेळापत्रकाला पाच, तेही मन मोठं करून. मागून छोटा हत्ती चालवत येणाऱ्या दादांना पैकीच्या पैकी. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे गुण दिल्याशिवाय मला पुढे बोलताच येत नाही. सहल नेणाऱ्यांचं नाव मात्र लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल.

डिसेंबरातला शुक्रवार ते रविवार. पुण्याहून बोपदेव घाटाने सासवड, नारायणपूर, कापूरहोळ, भोर. दुसऱ्या दिवशी मांढरदेव चढून वाई. तिसऱ्या दिवशी पसरणी घाटाने पाचगणी. तिथून सायकली टेम्पोत आणि आपण टेम्पोमागच्या गाडीत. माणशी साडेआठ हजार, सायकल, मुक्काम आणि जेवण धरून. आम्ही नऊ जण होतो. मी छप्पन्नची, माझ्या खालोखाल वयाचा माणूस एकेचाळीसचा.

हा रस्ता ज्याने आखला त्याला सायकल कळते. पुण्याहून भोरला जायचं म्हटलं की सगळे कात्रज ओलांडून सातारा रस्त्याला लागतात आणि ट्रकांच्या हॉर्नमध्ये अर्धा दिवस घालवतात. इथे महामार्गाशी गाठ पडते ती फक्त कापूरहोळला. त्याआधी पहाटे कोंढव्याकडून बोपदेव चढायचा (थंडीत जॅकेट घालून निघालात तर तिसऱ्या वळणावर काढाल), मग पठारावरून सासवड. कऱ्हाकाठी संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसून मी हातगाडीवरचे अर्धा किलो अंजीर एकटीने संपवले. पुरंदरच्या अंजिराला मानांकन वगैरे मिळालंय ते ठीक, पण सकाळी साडेआठ वाजता घाट चढून आलेल्या माणसाला ते जसं लागतं तसं पुण्यात पेटीतून आणून लागत नाही. नारायणपूरला दत्ताच्या देवळात गर्दी, पण शेजारच्या जुन्या नारायणेश्वराच्या दगडी देवळात आम्ही दोघीच. डोक्यावर पुरंदर. १६५७ साली संभाजीराजे तिथे जन्मले आणि आठच वर्षांनी त्याच गडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांना मिर्झाराजांशी तह करावा लागला. गडाकडे बघत चहा प्यायलो आणि कापूरहोळपर्यंत बरंचसं उतारावर सोडून दिलं. भोरच्या अलीकडे नीरा नदी गळ्यातल्या हारासारखी वळते, तिथे प्रत्येकाने फोटो काढले, मीही काढला. भोरला पंतसचिवांचा राजवाडा बाहेरूनच बघितला. रात्री पिठलं-भाकरी. पहिला दिवस उत्तम.

दुसऱ्या दिवशी माझी आणि सायकलीची ओळख पटली.

मांढरदेवची काळूबाई साडेचार हजार फुटांच्या वर बसलीय. भोरहून निघालं की आधी रस्ता फसवतो, शेतांतून सपाट जातो, उसाच्या ट्रॉल्या दिसतात, वाटतं जमलं. मग घाट सुरू होतो. मी सगळ्यात हलक्या गिअरवर होते, तरी गुडघे कुरकुरत होते आणि एका वळणावर पॅडल चक्क थांबलं. उतरले. रस्त्याकडेला शेरडं घेऊन एक आजी उभ्या होत्या. म्हणाल्या, "ढकलत न्या की बाई, देवी काय म्हनत न्हाई." देवी म्हणत नसेल, पण मी म्हणत होते. घरची माझी सायकल असा चढ चढते.

म्हणून तिथेच कठड्यावर बसून सायकलीच्या साखळीच्या चकत्यांचे दात मोजले. पुढची लहान चकती ३०, मागची सगळ्यात मोठी २८. म्हणजे पॅडलचा एक फेरा मारला की चाक एका फेऱ्याहून थोडं जास्त फिरणार, आणि सायकल सव्वादोन मीटरच्या वर पुढे जाणार. माझ्या घरच्या सायकलीला पुढे २८, मागे ३४; तिथे एका फेऱ्यात जेमतेम पावणेदोन मीटर. अर्ध्या मीटरचा फरक सपाटीवर कळतसुद्धा नाही. सामानासकट घाट चढताना प्रत्येक फेऱ्याला तो अर्धा मीटर पायाने विकत घ्यावा लागतो. या सायकली शहरात कचेरीला जायला छान आहेत. घाटांच्या सहलीला त्या द्यायच्या असतील तर आधी मागची चकती बदला. पुढारीपण करणाऱ्या मुलाला मी हे सांगितलं, तर म्हणाला, "काकू, आज फक्त चाळीस किलोमीटर आहे." फक्त किलोमीटर! घाटात किलोमीटर मोजणं म्हणजे खोलीचं क्षेत्रफळ लांबीवरून सांगणं. वेळापत्रकात रोजचं अंतर छापलंय, चढ किती हे कुठेच नाही.

एक मात्र मान्य: ब्रेक चांगले होते. मांढरदेवहून वाईकडे उतरताना खाली कृष्णेचं खोरं उघडत जातं, आणि तेव्हा डोळे रस्त्यावर ठेवायला ब्रेकवर विश्वास लागतो. पौषात शाकंभरी पौर्णिमेला इथे काळूबाईची यात्रा असते, त्या दिवसांत हा रस्ता घेऊ नका. सायकलीला जागाच उरत नाही.

आता खरी तक्रार. मेणवलीला आम्हाला वीस मिनिटं दिली. वीस! वाईपासून तीन किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ ती घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि देवळादेवळांत गेल्या, त्यांतली ही एक. जवळ जाऊन पाहिलं तर अंगावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. महादेवाच्या दारात मेरी, आणि कुणाला त्याचं काही नाही. घाटावर धुणं चाललं होतं. वाड्यात चौकामागून चौक, सागवानी खांब, भिंतीवरची जुनी चित्रं. याच घरातल्या मोडी कागदांना इतिहासवाले मेणवली दफ्तर म्हणतात. शिट्टी वाजली तेव्हा मी दुसऱ्या चौकात होते. बाकीचे गेले. छोटा हत्तीवाले दादा म्हणाले, "मॅडम, निवांत बघा, मी हितंच हाय." तासभर थांबले, वर घाटावर येऊन घंटाही बघून गेले. दहापैकी दहा याचेच.

संध्याकाळी वाईत ढोल्या गणपती. १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं देऊळ. मूर्ती तर सगळेच बघतात, तुम्ही मागे जा. मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी आदळायच्या आधीच दुभंगावं म्हणून. नववीच्या पोरांना दाखवायला हवी होती.

धोम वेळापत्रकात होतं, ऐनवेळी गाळलं. मी रविवारी पहाटे एकटी जाऊन आले, जाऊन-येऊन सोळाएक किलोमीटर, जवळजवळ सपाट. कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, मध्ये कासव, कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं दिसतं. पाणी होतं. एवढ्यासाठी झोप मोडली तर चालते.

पसरणी घाट चढायला मांढरदेवपेक्षा सोपा. बारा किलोमीटर, पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंची, चढ एकसारखा, लय सापडली की सापडली. तरी मजा गेली, कारण रविवार. नऊनंतर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग, खिडकीतून "कम ऑन आंटी" आणि डिझेलचा धूर. हीच सहल मंगळवार ते गुरुवार करा, किंवा पसरणी उजाडता उजाडता संपवा. पाचगणीहून पुढे भिलारला गेलो. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत कपाटं भरून मराठी पुस्तकं, कुणीही बसून वाचावीत. तिथे पंचेचाळीस मिनिटं मिळाली, स्ट्रॉबेरी खाण्यासकट. स्ट्रॉबेरी आंबट होती.

घरी आल्यावर हे सगळं, गुणांसकट, आयोजकांना लिहून पाठवलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्याच मुलाचा मेसेज आला: "काकू, पुढच्या बॅचच्या सायकलींना मागे ३४ बसवले. मी स्वतः मोजले. मेणवलीला दोन तास ठेवलेत. चढाचा तक्ता करतोय, तपासून द्याल का?" तक्ता आला. मांढरदेवची उंची त्याने फुटांत आणि पसरणीची मीटरमध्ये लिहिली होती. लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवलाय.