स्टिल 070 चेनसॉ : दिवाळी ते मृग, सोलापुरात वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. जमिनीवर पडलेला जाडजूड बुंधा कापायचा असेल आणि मशीन उघडून बसायची आवड असेल, तर जुनं 070, म्हणजे स्टिल कंपनीचं पेट्रोलवर चालणारं लाकूड कापायचं मशीन, जरूर घ्यावं. उभं झाड पाडायचं असेल, फांद्या उतरवायच्या असतील किंवा बिघडलं की दुकानात टाकून मोकळं व्हायचं असेल, तर याच्या नादी लागू नये. दिवाळीपासून मृगापर्यंत हे मशीन चिंच, कडुनिंब, बाभूळ आणि वेड्या बाभळीवर चालवलं, त्यानंतरचं हे मत आहे.

मशीन भंगारवाल्याकडून आलं. नावाची पट्टी गायब, रंग उडालेला. अशा वेळी ओळखायचं कसं, हे नीट सांगतो, कारण इथेच बहुतेक जण फसतात. स्टिलच्या सुट्या भागांच्या नंबरात पहिले चार आकडे मॉडेलचं घराणं सांगतात. 070 आणि त्याचा मोठा भाऊ 090 यांचं घराणं 1106. घाण खरवडून आतल्या कास्टिंगवर हा आकडा शोधायचा. पण दोघांचं घराणं एकच असल्याने तेवढ्यावर थांबता येत नाही. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 40 मि.मी.च आहे, फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासात. 070 चा 58 मि.मी., म्हणजे साधारण 106 सीसी. 090 चा 66 मि.मी., म्हणजे 137 सीसी. सिलिंडर उतरवून व्हर्नियर लावला की वाद मिटतो. 9 ने सुरू होणारे नंबर म्हणजे सर्वसाधारण भाग. 9503 म्हणजे बॉल बेअरिंग, 9640 म्हणजे ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवतीचं रबरी कडं). हे लक्षात राहिलं तर निम्मी शोधाशोध वाचते, कारण माप घेऊन बेअरिंगच्या साध्या दुकानात गेलं तरी बऱ्याचदा काम होतं.

070 च्या चिनी नकला भरपूर फिरतात. नाव, रंग, स्टिकर यांवर विसंबू नये. बाहेरच्या झाकणावर मोठं नाव आणि आत कास्टिंगवर काहीच नाही, असं दिसलं की मी मशीन खाली ठेवतो.

आता दुरुस्ती. मशीन सुरू व्हायचं, पण स्लोवर आपोआप पळायचं. कार्बोरेटरचे स्क्रू कितीही फिरवा, बसायचं नाही. लूमचे पार्ट बनवणाऱ्या लेथवरच्या अण्णांनी आवाज ऐकूनच सांगितलं, "हवा ओढतंय ओ हे. आधी सील बघा, मग बाकीचं." टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो ती खालची पेटी, बंदिस्त असावी लागते. क्रँकचे ऑइल सील कडक झाले की तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि शेवटी सिलिंडरला चिकटतो. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडं रबर लावून बंद करायची, प्लगच्या जागी नळी बसवायची आणि थोडा दाब भरून ठेवायचा. पुस्तकी दाब 0.5 बार. आम्ही बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा पंप आणि दाब दाखवणारं घड्याळ वापरलं. त्याचा काटा 300 मि.मी. पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे 0.4 बार. तेवढा दाब पुरतो. काटा खाली सरकला की साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसतं. आमच्याकडे क्लचच्या बाजूने आले. सील बदलल्यावर स्लो जागेवर बसलं.

दुसरा आजार खास आपल्या उन्हाळ्याचा. थंड असताना अर्ध्या ओढीत सुरू, पण तापल्यावर बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला तयार नाही. पेट्रोल येतंय, प्लग ओला, ठिणगी मात्र फिकट पिवळी. माझ्याकडचं मशीन पॉइंट-कंडेन्सरचं, म्हणजे ठिणगी पाडायच्या जुन्या पद्धतीचं आहे आणि गरम झाल्यावर कंडेन्सर दम सोडत होता. पॉइंट फ्लायव्हीलखाली असतात, त्यामुळे ते ओढून काढायला पुलर लागतो. हातोड्याने ठोकून फ्लायव्हील काढू देऊ नका, क्रँक जातो. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचे पार्ट विकणाऱ्याकडे 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर मिळाला. जागा थोडी बदलून क्लॅम्प करावा लागला. पॉइंट साफ करून 0.35 ते 0.4 मि.मी. गॅप ठेवला. एप्रिलच्या उन्हातसुद्धा आता ठिणगी निळी पडते. मला या मशीनबद्दल सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते इथे. यात असं काहीच नाही की जे डोळ्यांनी दिसत नाही आणि हाताने दुरुस्त होत नाही. ज्या शहरात गिरण्या बंद झाल्या, पण यंत्रमागांमुळे लेथवाले, फिटर आणि जुन्या स्कूटरचे मिस्त्री टिकून राहिले, तिथे असं मशीन जगवता येतं.

पेट्रोलचं मात्र सांभाळा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुन्या कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, त्यात टिकत नाही. इथेनॉल सोसणारा नवीन डायफ्राम टाका. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. तेल मी लिटरला 40 मिली, म्हणजे 1:25, घालतो. आजच्या चांगल्या तेलांना 1:50 चालतं हे खरं आहे, पण जुन्या बेअरिंगवर आणि इथल्या उष्णतेत थोडा धूर परवडला. फुल रेसवर मशीन किंचित अडखळल्यासारखं बोललं पाहिजे आणि लाकडात घातल्यावर आवाज साफ झाला पाहिजे. मोकळं असतानाच कर्कश किंचाळत असेल तर मिश्रण पातळ आहे, लगेच थांबवा.

कापण्याबद्दल थोडक्यात. वादळात पडलेल्या चिंचेच्या खोडावर नवीन मशीन फेऱ्यांच्या जोरावर कापतं आणि दाबलं की दम तोडतं. 070 सावकाश फिरतं, पण दाबलं तरी थांबत नाही. चेन 0.404 इंची पिचची. कड्या जोडणाऱ्या सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं केलं की साधारण 10.26 मि.मी. भरतं. हिला 5.5 मि.मी.ची गोल कानस लागते. आजच्या बहुतेक सगळ्या चेनचा दात 1946 मध्ये जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याला लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यांवरून सुचला. दात रंध्याप्रमाणे ढलपी काढतो, म्हणून त्याच्या पुढचा उंचवटासुद्धा वेळोवेळी घासावा लागतो. नुसता दात घासत राहिलात तर चेन धारदार असूनही भुसाच पाडते. वेड्या बाभळीच्या सालीत माती अडकलेली असते, तिथे धार फार लवकर जाते. आधी कुऱ्हाडीने साल काढा.

सुरक्षेबाबत मी अजिबात सवलत देणार नाही. माझ्या मशीनला चेन ब्रेक नाही. हँडलला कंपन शोषणारे रबरही नाहीत. बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, सोडूनच वजन दहा किलोंच्या वर. बारचं टोक कुठे टेकलं आणि मशीन उसळलं तर अडवणारं काही नाही. म्हणून खांद्याच्या वर नाही, शिडीवर नाही, एकट्याने नाही. हेल्मेट, जाळी, कानाला मफ, जाड बूट. हाताला मुंग्या यायला लागल्या की त्या दिवशीचं काम बंद. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आटपायचं. आणि मशीन हातात आहे म्हणून शेतातली चिंच, आंबा, जांभूळ कापायला निघू नका. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याने या झाडांना परवानगी लागते.

विकत घेताना सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर किंमत निम्म्याने पाडा किंवा सोडून द्या. मग स्टार्टरची मूठ धरून मशीन अधांतरी लटकवा. सरसर खाली आलं तर कॉम्प्रेशन गेलंय, टप्प्याटप्प्याने उतरलं तर रिंगा जिवंत आहेत. रिंगा, पिस्टन, डायफ्राम अजून मिळतात, पण पिस्टन नकली निघाला तर रिंगची पिन आणि बोअरचं माप लेथवाल्याकडून तपासून घेतल्याशिवाय बसवू नका. क्रँककेसला तडा असेल तर मात्र हातसुद्धा लावू नका. ती मॅग्नेशियमची असते आणि साध्या वेल्डिंगवाल्याने ती पेटवून ठेवलेली मी पाहिली आहे.