एकाच लेबलाखालची दोन वटवाघळे

सलीम अली वटवाघूळ आणि आखूड नाकाचे फळखाऊ वटवाघूळ शेजारी ठेवली, तर अनुभवी नजरही फसते. फसलीच होती. १९४८ साली निसर्ग अभ्यासक अँगस हटन यांनी तमिळनाडूतल्या मेघमलैच्या डोंगरात एक नमुना मिळवला आणि त्यावर आखूड नाकवाल्याचेच नाव पडले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात तो तसाच राहिला.

फरक दातांत आहे. आखूड नाकवाल्याला वर-खाली पटाशीच्या दातांच्या दोन-दोन जोड्या असतात, सलीम अली वटवाघळाला एकेकच. शिवाय पहिल्याला छोटी शेपटी, दुसऱ्याला बाहेरून दिसणारी शेपटीच नाही. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी हे हेरले आणि १९७२ मध्ये नवी जातीच (species) नव्हे, तर नवी प्रजाती (genus) जाहीर केली. नाव दिले सलीम अलींचे. (एका पक्षितज्ज्ञाचे नाव वटवाघळाला, हे मला फार आवडते.)

राहणीही वेगळी. आखूड नाकवाले गावाजवळच्या ताडाच्या झावळ्यांतही सहज सापडते, सलीम अली वटवाघूळ पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाच्या जंगलातल्या गुहांत. दुर्मीळ कोणते हे ठरवायला मी आधी कवटीच मागेन. रंगावर अजिबात विसंबणार नाही.