‘मिलिटरी डिस्पोजल’चा जनरेटर: बल्ब लागला म्हणून पैसे मोजू नका

ट्रॉलीवरचा सेट, झकास ऑलिव्ह ग्रीन रंग, ‘15 केव्हीए, आर्मीचा माल, फारसा चाललेलाच नाही’ असं तोंडभर वर्णन आणि किंमत साध्या जुन्या सेटच्या जेमतेम निम्मी. पुणे जिल्ह्यातल्या एका पोल्ट्रीवाल्याने असा सेट भंगार बाजारातून उचलला. घेताना तो गाफील नव्हता. सेल्फ मारला, इंजिनाने लगेच धरलं. सॉकेटवर मल्टिमीटर लावला, 200 व्होल्ट दिसले. ‘गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा भाग) जरा वाढवा, 230 होतील,’ असं विकणाऱ्याने सांगितलं. 200 वॅटचा बल्ब लागला, एलईडी लागली, मोबाइल चार्ज झाला. शेडवर आणून 2 एचपीची पाण्याची मोटर जोडली, तर ती फिरेचना. नुसती बारीक शिट्टीसारखी चिरकत राहिली. पंख्यांचीही तीच गत.

सेट बिघडलेला नव्हता. तो 400 हर्ट्झचा होता.

आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची; हीच तिची फ्रिक्वेन्सी. विमानं आणि काही रडार मात्र 115/200 व्होल्ट, 400 हर्ट्झवर चालतात, कारण फ्रिक्वेन्सी जास्त असली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटर लहान व हलक्या करता येतात. त्यांना जमिनीवर वीज पुरवायला वेगळे डिझेल सेट असतात. ते निकाली निघतात तेव्हा लिलावाच्या यादीत काय आहे ते लिहिलेलं असतं. पण तीन हात फिरून रस्त्यावरच्या दुकानात पोचेपर्यंत तो ‘मिलिटरीचा जनरेटर’ एवढाच उरतो. या सेटच्या दोन फेजमधून वायरी काढून त्या घरगुती सॉकेटला जोडल्या होत्या. म्हणून 200 व्होल्ट.

बल्बला फ्रिक्वेन्सीशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त तार तापवायची असते. एलईडी आणि चार्जर आत आधी एसीचं डीसी करून घेतात, त्यामुळे त्यांनाही फरक पडत नाही. साधा मल्टिमीटर 400 हर्ट्झपर्यंत व्होल्टेज बऱ्यापैकी बरोबर दाखवतो. म्हणजे दुकानात होणाऱ्या सगळ्या चाचण्या नेमक्या अशा, ज्यांत हा माल पास होतो. मोटरीचं तसं नाही. फ्रिक्वेन्सी आठपट झाली की वाइंडिंगचा रिॲक्टन्सही (एसीला होणारा विरोध) आठपट होतो, करंट साधारण आठव्या हिश्शावर येतो, आणि सुरू होतानाचा टॉर्क (फिरवणारा जोर) त्याहूनही कितीतरी पटींनी पडतो. एवढ्यात पंखाही हलत नाही.

यापेक्षा चीड येते ती पुढच्या भागाची. पोल्ट्रीवाल्याने ‘मिस्त्री’ बोलावला. मिस्त्रीने आधी एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) बदलला. फरक नाही. मग गव्हर्नरची स्प्रिंग. मग ‘वाइंडिंग वीक आहे’ म्हणून अल्टरनेटर (सेटमधला वीज तयार करणारा भाग) रिवाइंडिंगला गेला आणि त्याच खाचांत, त्याच पोलसंख्येत (चुंबकी ध्रुवांच्या संख्येत) नवी तार भरून परत आला. साहजिकच पुन्हा 400 हर्ट्झ. रोटर बाहेर काढल्यावर पोल मोजायला पाच मिनिटं पुरतात. फ्रिक्वेन्सी म्हणजे पोल गुणिले आरपीएम भागिले 120. 50 हर्ट्झच्या नेहमीच्या सेटला 4 पोल आणि 1500 आरपीएम. इथे 24 पोल होते आणि इंजिन 2000 वर. याच अल्टरनेटरमधून 50 हर्ट्झ काढायचे तर इंजिन 250 आरपीएमवर चालवावं लागेल. त्या वेगावर डिझेल इंजिन आयडललासुद्धा टिकत नाही. ज्याने अल्टरनेटर उघडला त्याला हे कळलं नसेल, यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. असा अल्टरनेटर तांब्याच्या भावाने विकावा. त्यावर दुरुस्तीचा एक रुपयाही घालू नये. इंजिन चांगलं असेल तर 4 पोलचा दुसरा अल्टरनेटर बसवता येतो, मात्र फ्लायव्हील हाउसिंगचा एसएई नंबर (जोडणीच्या मापाचा क्रमांक) जुळला पाहिजे, आणि 2000 चं इंजिन 1500 वर आणल्यावर ताकद साधारण तीन चतुर्थांशच उरते हे धरूनच केव्हीए ठरवा.

60 हर्ट्झचा परदेशी सेट असेल तर एवढं रडायचं कारण नाही. 1800 चा 1500 वर आणला की 50 हर्ट्झ मिळतात. व्होल्टेज एव्हीआरच्या मर्यादेत बसवायचं आणि क्षमता पाच-षष्ठांश धरायची. 28 व्होल्ट डीसीचे सेटही याच बाजारात फिरतात. ते बॅटरी चार्ज करायला आणि गाड्या-विमानं स्टार्ट करायला असतात, घरच्या कामाचे नाहीत.

आता त्या सेटच्या पॅनेलकडे जवळून पाहिलं तर काय दिसत होतं? मीटरच्या रांगेत एका गोल भोकावर पत्र्याची चकती मारून वर रंग दिलेला. तिथे फ्रिक्वेन्सी मीटर होता. जुन्या, थरथरणाऱ्या पट्ट्यांच्या (रीड) मीटरवर 380 ते 420 असे आकडे छापलेले असतात. ते दिसले असते तर सौदा तिथेच मोडला असता. अल्टरनेटरची पाटी होती, पण ती चकचकीत पॉप रिव्हेटने बसवलेली, आणि पाटीखालून जुन्या रंगाचा वेगळ्या मापाचा चौकोन डोकावत होता. पाटी बदलली आहे हे सांगायला यापेक्षा जास्त काय हवं?

घ्यायला जाताना हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर न्या, आणि एक जुना टेबलफॅन. पंखा नेहमीच्या वेगाने फिरला तर फ्रिक्वेन्सी निदान जवळपास बरोबर आहे. नो-लोडला 52 आणि फुल लोडला 50 हर्ट्झ हे यांत्रिक गव्हर्नरचं ठीक लक्षण. लोड बल्बचा नको. 15 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टरला 12 किलोवॅट. तेव्हा 2 किलोवॅटचे सहा हीटर प्रत्येक फेजवर दोन असे वाटून लावा, तास भर चालवा आणि तेलाचं प्रेशर इंजिन तापल्यावर वाचा. गार इंजिनात झिजलेलं बेअरिंगही चांगलं प्रेशर दाखवतं. कित्येकदा ते लपवायला मुद्दाम जाड तेल भरलेलं असतं. तुम्ही पोचण्याआधी इंजिन चालवून गरम केलं असेल तर तुमच्यासमोरचं झटकन स्टार्ट होणं काही सांगत नाही. म्हणून आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हात लावा. कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. चालू इंजिनाचं तेल भरायचं झाकण हळूच सैल करा: धूर ठोके देत बाहेर आला तर रिंगा गेल्या. आणि वाइंडिंगवर ताजं वार्निश चमकत असेल तर एव्हीआर सोडवून, डायोड शॉर्ट करून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) बघा. 1 मेगओहमच्या खाली असेल तर चमक कामाची नाही.

खरोखरच वर्षानुवर्षं उभा राहिलेला सेट मिळाला, तर तिथल्या तिथे सेल्फ मारू देऊ नका. टाकी रिकामी करा, तळाशी पाणी आणि गंज निघतोच. तेल व फिल्टर बदला, डिझेल लाइनची हवा काढा. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. मग स्टॉप लीव्हर ओढून धरून, थोड्या थोड्या वेळाने सेल्फ मारत तेलाचं प्रेशर येईपर्यंत फिरवा आणि त्यानंतरच लीव्हर सोडा. पहिल्या स्टार्टला एअर फिल्टर काढून शेजारी लाकडाची फळी ठेवा. पंपाचा रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी) अडकून इंजिन पळत सुटलं तर फळीने हवेचं तोंड बंद करणं हाच उपाय, तिथे हात लावायचा नाही. यातल्या बऱ्याच सेटना 24 व्होल्ट असतात, म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. त्यातल्या एकीवरून शेडचा 12 व्होल्टचा दिवा घेतला की ती उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि दोन्ही लवकर जातात.

कागदांचं. संरक्षण खात्याचा बराचसा निकाली माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून जातो, ‘जसा आहे तसा, जिथे आहे तिथे’ या अटीवर. पहिल्या खरेदीदाराकडे लॉट नंबर, डिलिव्हरी ऑर्डर आणि गेट पास असतो. विकणाऱ्याकडे त्याची प्रत आणि स्वतःचं जीएसटी बिल नसेल तर माल चोरीचा असू शकतो, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. ‘मी फौजेत आहे, बदली झालीय’ म्हणत ओळखपत्राचा फोटो पाठवून ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’साठी आगाऊ पैसे किंवा क्यूआर स्कॅन मागणारा तर जनरेटर कधी पाहिलेलाही नसतो, तिथे पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

समोरासमोरच्या सौद्यात बिलावर पुढच्या गोष्टी लिहून घ्या: इंजिन नंबर, अल्टरनेटर नंबर, किलोवॅट, फेज, व्होल्ट, आणि ‘50 हर्ट्झ, 1500 आरपीएम’. पोल्ट्रीवाल्याच्या बिलावर एवढंच होतं: ‘जुना जनरेटर, 1 नग’. त्यावर विकणाऱ्याला फसवणुकीच्या कलम 318 मध्ये धरायचं कसं, असं पोलिसांनीच त्याला विचारलं.