डीप पर्पल पुन्हा ऐकताना : काही महिन्यांचा अनुभव

डीप पर्पल या १९६८ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश रॉक बँडचा मी कॉलेजच्या दिवसांपासून चाहता आहे. गेल्या दिवाळीपासून मी त्यांचे प्रमुख अल्बम पुन्हा क्रमाने ऐकत आहे. सकाळी भुसावळहून जळगावला जाताना गाडीत, आणि रात्री घरी तारेच्या हेडफोनवर. या ऐकण्यातून माझे एक मत पक्के झाले. लोकांच्या तोंडी या बँडच्या गिटारची धून असली, तरी त्याचा कणा जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारे पेटीसारखे पट्ट्यांचे वाद्य) आणि इयान पेसचे ड्रम हाच आहे.

याचा पुरावा त्यांच्या ‘मशीन हेड’ या अल्बममध्येच मिळतो. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे अमेरिकी संगीतकार फ्रँक झप्पांच्या कार्यक्रमात लागलेल्या आगीत कॅसिनो जळाला. ध्वनिमुद्रणाची ठरलेली जागाच गेल्यामुळे बँडला हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या मार्गिकांमध्ये गाद्या लावून वाजवावे लागले. ध्वनिमुद्रणाची यंत्रे बाहेर ट्रकमध्ये होती आणि तिथवरची वाट इतकी अडचणीची होती, की केलेले ऐकायला जाणेच त्यांनी सोडून दिले. समाधान होईपर्यंत ते वाजवत राहिले. त्या वाजवण्यातला एकजीवपणा आजही कानाला जाणवतो. ‘स्मोक ऑन द वॉटर’ या त्यातल्या गाण्याच्या सुरुवातीला रिची ब्लॅकमोरची गिटार एकटी येते, मग हाय-हॅट (ड्रममधली पायाने वाजणारी झांजांची जोडी) आणि ऑर्गन, त्यानंतर उरलेले ड्रम आणि शेवटी रॉजर ग्लोव्हरचा बास. लॉर्ड आपला ऑर्गन गिटारसाठीच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवत असे, त्यामुळे त्याला खरखरीत, भरीव धार येते. आपल्या खान्देशी लग्नाच्या वरातीत बँडच्या गाडीवरचा कीबोर्ड भोंग्यांतून फाटून येतो आणि तरीही छातीत घुमतो, तो परिणाम ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हा आवाज परका वाटणार नाही.

२०२४ मध्ये या अल्बमचे नवे मिक्स, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातल्या वाद्यांची नव्याने केलेली जुळणी, ड्वीझिल झप्पा यांनी केले. ज्यांच्या कार्यक्रमात आग लागली, त्या फ्रँक झप्पांचेच हे चिरंजीव. माझ्या कानाला या मिक्समध्ये ऑर्गन आणि बास अधिक सुटे ऐकू येतात, आणि ‘लेझी’मधले पेसचे हलके हात तर पहिल्यांदाच नीट कळतात. मात्र ‘हायवे स्टार’साठी मी जुन्याच मिक्सकडे वळतो, कारण त्यातला एकत्रित मारा मला अधिक आवडतो. एक व्यावहारिक अडचणही सांगायला हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरची घरघर नेमके खालचे स्वर गिळते आणि कान झाकणारे हेडफोन घामाने ओले होतात, त्यामुळे मे महिन्यात कूलर बंद करता येईल अशी उत्तररात्रच खऱ्या ऐकण्याला मिळते. गाडीच्या खडखडाटात तर फक्त गिटार आणि गायन उरते.

‘मेड इन जपान’ या ऑगस्ट १९७२ च्या थेट ध्वनिमुद्रणाविषयी फार लिहीत नाही; ते आजही अजोड आहे.

उत्तरकाळातील अल्बमांना पुरेसा न्याय मिळत नाही, असे मला मनापासून वाटते. १९८४ चा ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ बहुतेकांना ठाऊक असतो, परंतु २०१३ चा ‘नाऊ व्हॉट?!’ फारसा कोणी उघडत नाही. २०१२ मध्ये निवर्तलेल्या लॉर्डला अर्पण केलेल्या या अल्बममध्ये डॉन एअरी ऑर्गनवर आहे. तो लॉर्डची नक्कल करत नाही, पण ती खरखर जपतो, म्हणूनच गिटारवादक बदलूनही बँड ओळखीचा राहतो. २०१६ मध्ये पेसला सौम्य पक्षाघात होऊन उजव्या हातावर परिणाम झाला होता, तरीही २०२४ च्या ‘इक्वल्स वन’मध्ये त्याची लय सैल पडलेली नाही. उत्तर आयर्लंडचा सायमन मॅकब्राइड या अल्बममध्ये गिटारवर नव्याने आला, आणि त्याच्या येण्याने वाजवण्यात हुरूप दिसतो.

त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असलेला गायक इयान गिलन आता तार सप्तकातल्या किंकाळ्या मारत नाही. ‘चाइल्ड इन टाइम’ तो कित्येक वर्षे मंचावर गात नाही, आणि हा निर्णय मला अतिशय योग्य वाटतो. आज तो शब्द स्पष्ट टाकतो, मधल्या पट्टीत राहतो आणि सुराची जागा ऑर्गनला मोकळी करून देतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ‘मशीन हेड’नंतर थेट ‘नाऊ व्हॉट?!’ लावावा, आणि फोनच्या स्पीकरवर मुळीच ऐकू नये, कारण तिथे ऑर्गनचा खालचा अर्धा भाग पोहोचतच नाही.