‘फॉरमॅट मारावं लागेल’ न म्हणणारा माणूस

नाशिकच्या वकीलवाडीतल्या एका बोळात खाली चष्म्याचं दुकान आहे, शेजारून एक अरुंद जिना वर जातो, तिथे हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बसतो. पाटी नाही. "नाव टाकू नका काका, आहे तीच गर्दी आवरत नाही," असं तोच म्हणाला, म्हणून टाकत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षांच्या पॅकिंग हाऊसचा हिशोब बघतो. बागायतदाराचं वजन, भाव, कटती, मजुरांची उचल, क्रेटची ये-जा, सगळं एकाच स्प्रेडशीटमध्ये. फेब्रुवारीत माल जोरात चालू असताना ते सॉफ्टवेअर बंद पडायला लागलं. आकडा टाकायचा, एंटर मारायचं, पडदा पांढुरका व्हायचा, गोल फिरायला लागायचं आणि खिडकीच गायब. काही चूक दाखवणं नाही, सांगणं नाही. एका शनिवारी ६२ बायकांचा हप्ता काढायचा होता. अकरा वेळा बंद पडलं. बाहेर बायका डबे घेऊन उभ्या, पाचची गाडी गाठायची त्यांना. शेवटी वहीवर आकडेमोड करून पैसे वाटले आणि रात्री शेठची बोलणी खाल्ली.

भाच्याने फोनवरून ‘रिपेअर’ करायला सांगितलं. छोटं रिपेअर पाच मिनिटांत झालं, मोठं ऑनलाइनवालं मोबाइलच्या नेटवर लावलं तर दिवसाचा डेटा गिळून बसलं. फरक शून्य. मग नाशिकमध्येच एका दुकानात लॅपटॉप नेला. तिथल्या पोराने झाकण उघडायच्या आत निकाल दिला, "फॉरमॅट मारावं लागेल. बाराशे रुपये, दोन दिवस, डेटाची गॅरंटी नाही." ऐन हंगामात दोन दिवस! लॅपटॉप काखेत मारून निघालो, तेव्हा चष्मेवाल्याने हा जिना दाखवला.

इथे पहिला प्रश्न वेगळा होता. "कधी बंद पडतं? फाइल उघडताना, टाइप करताना, की प्रिंट देताना?" मी म्हटलं, कधीही. तो म्हणाला, "कधीही असं काही नसतं काका." आणि त्याने शोधाच्या चौकटीत काहीतरी टाइप करून एक आलेख उघडला, रिलायबिलिटी हिस्टरी नावाचा. विंडोजमध्ये तो आधीपासूनच असतो म्हणे, मला इतक्या वर्षांत कोणी दाखवला नव्हता. खाली तारखा, प्रत्येक तारखेवर त्या दिवशी काय कोसळलं त्याची लाल फुली. माझा तो शनिवार लाल रंगाने भरलेला. वरची रेघ, म्हणजे कॉम्प्युटर किती भरवशाचा चालतोय त्याचा आकडा, दहापैकी दोनच्याही खाली आलेली. शेठला दाखवायला मी त्याचा फोटो काढून घेतला.

मग त्याने कंट्रोलची कळ दाबून धरली आणि स्प्रेडशीटच्या चिन्हावर क्लिक केलं. सेफ मोडमध्ये उघडू का, असं विचारणारी पाटी आली. कोरी शीट उघडली, मला म्हणाला, बडवा काहीही. मी दहा मिनिटं आकडे बडवले, काही झालं नाही. साध्या पद्धतीने उघडून बडवलं, चौथ्या मिनिटाला गायब. "म्हणजे सॉफ्टवेअर चांगलं आहे, त्याच्या मानगुटीवर कोणीतरी बसलंय." सेफ मोडमध्ये वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, म्हणजे अॅड-इन, चालू होत नाहीत, हे त्याने तेव्हा सांगितलं. माझ्याकडे अशी तीन निघाली. एकेक बंद करत गेला. गुन्हेगार कोण, तर ‘अक्षरी रुपये’! आकडा दिला की ‘बारा हजार चारशे रुपये फक्त’ असं लिहून देणारं ते अॅड-इन मी कधीतरी एका ओळखीच्याच्या पेनड्राइव्हवरून घेतलं होतं. कोणी बनवलं, कधी बनवलं, देव जाणे. नव्या व्हर्जनशी त्याचं पटत नव्हतं. काढून टाकलं.

मी पाकीट काढलं तर तो म्हणाला, बसा, फाइल बघू. मूळ फाइलला हात न लावता आधी तिची कॉपी केली, हे मला फार आवडलं. फाइल ४६ एमबीची. कंट्रोल आणि एंड दाबल्यावर कर्सर जो उडाला तो थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर! शीटची ती शेवटची ओळ, त्याखाली काही नाही. माझा हिशोब ४,३१० ओळींत संपतो. झालं असं होतं की चौकटी आखताना मी कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण मारायचो, आणि त्या थेट तळापर्यंत आखल्या जायच्या. दहा लाख रिकाम्या ओळींना मी इमानेइतबारे रेघा मारून ठेवल्या होत्या, तेही २०१९ पासून दरवर्षी शीटची कॉपी करत. त्यात ‘उचल बाकी असेल तर लाल’ हा एकच नियम कॉपी-पेस्टमध्ये इतक्या वेळा पडला होता की अशा नियमांच्या यादीची स्क्रोलपट्टी केसाएवढी झालेली.

"डिलीटची कळ दाबायची नाही," तो म्हणाला. "त्याने आकडे जातात, रेघा राहतात. ओळी निवडा, राइट क्लिक, तिथलं डिलीट, आणि लगेच सेव्ह." त्याने एक शीट करून दाखवली, बाकीच्या माझ्याकडून करून घेतल्या. सहा शीट झाल्यावर फाइल ३.८ एमबी. उघडायला आधी चहा पिऊन व्हायचा, आता घोटही होत नाही. जाता जाता त्याने आपोआप जतन व्हायची वेळ दहा मिनिटांवरून दोनवर आणली आणि लिब्रेऑफिस नावाचं दुसरं स्प्रेडशीट उघडणारं सॉफ्टवेअर फुकट टाकून दिलं. उद्या एकात फाइल उघडली नाही तर दुसऱ्यात उघडून बघा, निदान दोष फाइलचा की सॉफ्टवेअरचा हे कळतं, म्हणाला.

पैसे चारशे. दीड तास घेतला होता त्याने.

आता तक्रारी. बोलतो फार. माझं काम चालू असताना दोन गिऱ्हाइकांना त्याने तीच अॅड-इनची गोष्ट माझ्याकडे बोट दाखवून सांगितली. फोन उचलत नाही. बसायला एकच स्टूल, त्यावरही कोणाचा तरी उघडा सीपीयू. पावती मागितली तर कॅलेंडरचं पान फाडून आकडा लिहून दिला. शेठसाठी ‘अक्षरी चारशे रुपये फक्त’ मलाच पेनाने लिहावं लागलं. आणि प्रिंट देताना अजून एखाद्या वेळी अडकतं. जुना, कधीच भंगारात गेलेला प्रिंटर डिफॉल्ट राहिला असेल, तो बदलून बघा, असं त्याने मागाहून मेसेजवर कळवलंय. बघायचं राहिलंय.

पाचपैकी चार देतो.

जायचं तर दुपारी चारनंतर जा, त्याआधी तो बाहेरच्या कामांवर असतो. गाडी एम.जी. रोडवर लावायच्या भानगडीत पडू नका. आणि चार्जर बरोबर न्या, त्याच्याकडचा सगळ्यांना बसत नाही.