गूगल ॲनालिटिक्स ४: स्वतःचं पुस्तक स्वतःच विकणाऱ्यांसाठी कितपत कामाचं?

स्वतः पुस्तक काढलं की प्रकाशक, जाहिरातवाला, हिशेबनीस सगळं आपणच, मग कुठल्या पोस्टमुळे लोक पुस्तकाच्या पानावर येतायत हे कळायला काहीतरी लागतंच. मी गूगल ॲनालिटिक्स ४ वापरतेय, म्हणजे साइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं गूगलचं साधन, जुलै २०२३ मध्ये त्याच्या जुन्या आवृत्तीने, युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने, डेटा घेणं बंद केलं त्यानंतर सगळ्यांच्या गळ्यात पडलं ते. फुकट आहे. पण उघडल्यावर जो पसारा दिसतो तो बड्या ऑनलाइन दुकानांसाठी मांडलेला आहे, आपल्याला त्यातलं बरंचसं लागतच नाही.

खरी कामाची गोष्ट म्हणजे बाहेर जाणाऱ्या लिंकवरचे क्लिक. एन्हान्स्ड मेजरमेंट हे त्यातलं सेटिंग चालू असलं की ते आपोआप मोजले जातात, वेगळा कोड नको, त्यामुळे पुस्तकाच्या पानावर तीन दुकानांची बटणं असतील तर लोक कुठल्या दुकानाकडे वळतायत ते कळतं. पण वाचक तिकडे गेला की आपल्याला अंधार! त्याने पुस्तक घेतलं की नुसती किंमत बघून परत फिरला हे इथे दिसणार नाही, त्यासाठी दुकानाचा विक्री रिपोर्ट शेजारी उघडून तारखा जुळवत बसायचं, आणि तरीही तो अंदाजच.

यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी लिंकला जोडायची खूण, मात्र लावाच. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन सोर्स (कुठून), मीडियम (कुठल्या मार्गाने), कॅम्पेन (कुठल्या मोहिमेतून) लिहायचं, बस. नाही लावलं तर व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस बहुतेक वेळा 'डायरेक्ट'मध्ये जाऊन पडतो, जसं काही त्याला आपल्या साइटचा पत्ता तोंडपाठच होता. आणि स्पेलिंग नेहमी स्मॉल अक्षरांत ठेवा, कारण एका लिंकमध्ये व्हॉट्सॲपचा डब्ल्यू कॅपिटल आणि दुसऱ्यात स्मॉल असला की रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या ओळी येतात, मग बसा बेरीज करत.

सगळ्यात जास्त खटकतं ते डेटा ठेवण्याचं सेटिंग. एक्सप्लोरेशनसाठीचा, म्हणजे आपण स्वतः जुळवून बनवतो त्या खोलातल्या रिपोर्टसाठीचा, डेटा डीफॉल्टने फक्त २ महिने राहतो, सेटिंगमध्ये जाऊन १४ महिने करता येतो, पण हे आधी सांगतं कोण? पुस्तक काही सेलमधला शर्ट नाही, ते सावकाश विकलं जातं, गेल्या वर्षीच्या पोस्टवरून आजही कुणीतरी येतं. अकाउंट उघडल्याबरोबर पहिलं हेच बदला.

नमुना प्रकरणाचं पान असेल तर 'एंगेज्ड सेशन'च्या (माणूस खरंच रमला अशा भेटींच्या) आकड्यावर फार जाऊ नका. पान समोर १० सेकंदांपेक्षा जास्त राहिलं तरी ते एंगेज्ड धरतात, तेवढ्यात तर पहिला परिच्छेदही धड होत नाही. सरासरी एंगेजमेंट टाइम, म्हणजे पान प्रत्यक्ष समोर किती वेळ होतं ते बघा, तो जरा खरं बोलतो. रिअलटाइम रिपोर्टमध्ये मागच्या ३० मिनिटांतली माणसं दिसतात, प्रकाशनाच्या दिवशी मजा येते (त्यातले एक आपण आणि दुसरं घरातलंच कुणीतरी).

छोट्या लिंकांचं विचाराल तर छापील पुस्तकाच्या मागे किंवा क्यूआर कोडमध्ये दुसऱ्याच्या शॉर्टनरची लिंक टाकू नका. गूगलने स्वतःच्या शॉर्टनरवर नवीन लिंका बनवणं २०१९ मध्ये बंद केलं, आणि मी वापरलेल्या एका फुकट सेवेने तर मध्येच जाहिरातीचं पान घुसवलं होतं. आपल्याच डोमेनवर एक पत्ता ठेवून तिथून दुकानाकडे रीडायरेक्ट करा, म्हणजे पुढे दुकान बदललं तरी छापलेला कोड चालतो.

माझ्याकडून पाचपैकी तीन. आकड्यांत डोकं घालायची हौस नसेल तर प्लॉझिबल हे असंच दुसरं साधन बघा, वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवत नाही, बहुतेक सगळं एकाच पानावर दिसतं, पण त्यांच्या सर्व्हरवर चालवायचं तर पैसे पडतात. स्वतःचा सर्व्हर सांभाळता येत असेल तर मटोमो हे तिसरं साधन, डेटा आपल्याच हातात राहतो.